दोघांचं टेबल

१

चाखणे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतं. रविवारच्या पुरवणीत 'नवं ताट' नावाचं सदर ते लिहीत आणि त्याखाली हे नाव छापून येई. बावीस वर्षं छापून आल्यावर ते अंगाला असं काही चिकटलं, की जिन्यात भेटणारे शेजारीसुद्धा "काय चाखणे, आज कुठे?" असंच विचारायचे. खरं आडनाव उरलं होतं ते फक्त विजेच्या बिलावर.

काम ऐकायला मोठं सुखाचं. शहरात दर आठवड्याला कुठे ना कुठे नवं हॉटेल उघडतं. चाखण्यांनी तिथे जायचं, जेवायचं, आणि बाकीच्यांनी तिकडे फिरकावं की नाही ते सांगायचं. त्यांचे नियम मात्र पक्के होते. हॉटेल उघडल्यापासून महिन्याच्या आत जायचं, कारण आपण काय करायला निघालो होतो हे मालकाला तेवढेच दिवस आठवत असतं. जायचं ते दुपारच्या जेवणाला, उजेडात. टेबल भलत्याच नावाने सांगून ठेवायचं. आणि सांगायचं ते दोघांचं.

दोघांचं, कारण बायको बरोबर असायची. लोकांना वाटे, जोडी हौशी आहे. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी चाखण्यांना मोठा ताप आला आणि जाताना तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. चाखणे सहा महिने रोज सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घालत. आतून पत्र्याचा गारवा तेवढा लागे. कुरकुरीत, मऊ, चिवट, ऊन, गार एवढं कळायचं. त्यापलीकडे काही नाही.

तेव्हापासून त्यांची जीभ म्हणजे ती. टेबलावर अन्नाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही हा तिचा दंडक. वेटरला चार कान असतात म्हणायची. म्हणून खूण ठरली. चमचा पाण्याच्या ग्लासावर एकदा वाजला तर काहीतरी कमी आहे. दोनदा वाजला तर जमलंय. आणि तीनदा वाजला की दोघांनी उठायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. हातातलं खाली ठेवायचं आणि उठायचं. मग परतीच्या टॅक्सीत ती सगळं सांगायची, कशात काय कमी होतं आणि कोणी कुठे हात आखडला, आणि चाखणे गुडघ्यावर वही ठेवून लिहून घ्यायचे.

तीनची पाळी सहा वर्षांत चारदाच आली. एकदा मासा शिळा होता. एकदा शेजारच्या टेबलावरचा नवरा बायकोला इतकं टाकून बोलत होता, की हिला ते ऐकवेना. एकदा चाखण्यांचे जुने साहेब दारातून आत आले म्हणून. चौथ्या वेळेबद्दल चाखणे कधी कोणाशी बोलले नाहीत.

आणखी एक सवय होती तिची. ताटलीतला शेवटचा घास ती कडेला सारून ठेवायची आणि त्यावर चमच्याची पाठ हलकेच दाबायची. तो चाखण्यांचा. "मला काय कळणार आहे त्यात?" असं ते म्हणत. ती म्हणे, "अहो, मला कळतंय ना."

२

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. टेबल अजून दोघांचंच सांगितलं जायचं. एकट्याचं सांगायला तोंड उघडलं की भलताच आवाज निघेल अशी त्यांना धास्ती होती. पदार्थही दोघांचे मागवायचे. समोरची ताटली तशीच भरलेली परत जायची आणि वेटर विचारायचे, "अजून कोणी येणार आहेत का, सर?" चाखणे मान हलवत. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

सदर कसंबसं चाललं होतं. पुरवणीच्या संपादक बाई तशा मायाळू होत्या, पण एकदा त्यांनाही राहवलं नाही. "चाखणे, राग मानू नका. हल्ली तुमच्या लेखात भिंतींचे रंग फार असतात."

"भिंती चांगल्या होत्या हो."

"लोक भिंती खायला जात नाहीत. उन्हाळ्यापर्यंत बघू या. नाहीतर तुम्हाला जरा विश्रांती देऊ."

विश्रांती या शब्दाचा अर्थ न कळण्याइतके चाखणे भोळे नव्हते. पण सदर बंद पडण्याचं दुःख त्यांना वेगळ्याच कारणाने होत होतं. नवं हॉटेल, पांढरं कापड, समोरची खुर्ची एवढीच तिच्याबरोबर बसायची जागा उरली होती. घरात ती कुठेच नव्हती. तिचं कपाट लेकीने येऊन कधीच रिकामं केलं होतं.

त्या गुरुवारी ते टपाल कचेरीमागच्या नव्या हॉटेलात गेले. पूर्वी तिथे चष्म्यांचं दुकान होतं. भिंती फिक्या हिरव्या. मशरूमचं सूप आलं, दोन वाट्या. चाखण्यांनी पहिला चमचा घेतला. ऊन, दाट. मनात म्हणाले, आता हे काय लिहू?

मागे, बरंच लांब, काचेवर चमचा वाजला. एकदा. मग किंचित थांबून पुन्हा एकदा.

ते वळून बघायला गेले नाहीत. हॉटेलात चमचे वाजायचेच. कोणी लिंबूपाणी ढवळत असेल, कोणी वेटरला बोलावत असेल. पण ते मधलं थांबणं त्यांच्या ओळखीचं होतं. ती पहिला ठोका द्यायची, मग यांचं लक्ष आहे ना ते बघायची, आणि मग दुसरा द्यायची.

घरी येऊन त्यांनी लिहिलं: सूप जमलेलं आहे. ते वाक्य लिहिताना दोन वर्षांत पहिल्यांदा हात अडखळला नाही.

३

पुढच्या गुरुवारी नदीकडच्या रस्त्यावरचं नवं हॉटेल. चाखण्यांनी मुद्दाम भिंतीला पाठ लावून खुर्ची घेतली, म्हणजे मागे कोणी असायला नको. ऑम्लेट आलं. दाराजवळच्या खांबाआडून एकच ठोका आला.

खांबाआड एक टेबल होतं. चाखणे हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि तिथून गेले. टेबल मांडलेलं होतं, माणूस नव्हतं. चार ग्लासांपैकी तिनांत पाणी नव्हतं. चौथा अर्धा भरलेला होता.

"इथे कोण बसलंय?" त्यांनी वेट्रेसला विचारलं.

"आत्ता कोणी नाही, सर. तुम्हाला इकडे बसायचंय का?"

चाखणे तर्काने चालणारे गृहस्थ होते. घरी येऊन त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एकात लिहिलं, 'कान वाजतात'. दुसऱ्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो कोरा राहिला. मग ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आत दिवा टाकून पाहिलं आणि म्हणाले, "या वयात इतका स्वच्छ कान मी पाहिला नाही. काय त्रास होतो?"

"ऐकू येतं," चाखणे म्हणाले.

डॉक्टर मनापासून हसले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली. जुन्या हॉटेलात काही वाजत नसे. हिरव्या भिंतींच्या हॉटेलात ते पुन्हा जाऊन आले, सूप पुन्हा मागवलं, तासभर कान देऊन बसले. नुसती चमच्यांची खडखड. जे वाजायचं ते नव्या ठिकाणीच, पहिल्या भेटीला. महिन्याच्या आत. तिने त्यांचा नियम पाळला होता.

आणि दर वेळी आवाज जवळ येत होता. खांबाआडून तो पलीकडच्या टेबलावर आला, तिथून शेजारच्या, तिथून पाठीला पाठ लागलेल्या खुर्चीवर. चाखणे वळून बघत नसत. भीती वाटायची म्हणून नव्हे, निदान तेवढ्यासाठीच नव्हे. वळलो आणि तिथे एखादा विमा एजंट चहा ढवळताना दिसला तर काय करायचं, याची भीती मोठी होती.

सदर मात्र जिवंत झालं. एक ठोका आला की ते त्यांच्या कोऱ्या जिभेवर घास घोळवत बसत. ती असती तर इथे काय कमी आहे म्हणाली असती? आंबट? मीठ? आणि तिचा टॅक्सीतला आवाज आठवून लिहीत. वाचकांची पत्रं आली. संपादक बाईंचा फोन आला. "चाखणे, काय जादू केलीत? भिंती गेल्या की!"

दाढी करताना ते शीळ घालायला लागले होते. आरशात स्वतःचा चेहरा बघून एकदा थबकले. इतकं खूश असणं बरं नव्हे, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईची वाट बघत माणूस दाढी करतो, याला काय म्हणायचं?

आणि रोज अंथरुणावर पडलं की एक गोष्ट ते मोजत. एक ठोका वाजला होता. दोन वाजले होते. तीन अजून वाजले नव्हते.

४

ती असताना चौथ्या वेळी चमचा तीनदा वाजला तो असा.

जुन्या नाटकगृहासमोर एक हॉटेल उघडलं होतं. मोठी काचेची दर्शनी बाजू, लाल गाद्यांच्या खुर्च्या, दारात उंच दारवान. त्या गुरुवारी सदरासाठी पाच पदार्थ मागवले होते. तिसरा पदार्थ मासा. तिने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि तीनदा वाजवला. नेहमीसारखा थांबून थांबून नव्हे. घाईघाईने, एकापाठोपाठ एक. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

चाखण्यांना लेख त्याच संध्याकाळी द्यायचा होता. नियम त्यांचा, पाळायचा त्यांनीच. तरी ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "दोनच राहिलेत गं. तेवढे होऊ दे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मान डोलावली आणि चमचा उचलला. चौथा पदार्थ खाल्ला. पाचवाही खाल्ला. शेवटचा घास कडेला सारला, त्यावर चमचा दाबला. तिचं कपाळ ओलं झालेलं चाखण्यांना दिसलं होतं. आत उकडतंय, असं त्यांना वाटलं.

ते उठले तेव्हा अडीच वाजले होते. फुटपाथवर टॅक्सीची वाट बघताना ती त्यांच्या डाव्या कोपराला धरून उभी होती. टॅक्सीत ती काही बोलली नाही. वही गुडघ्यावर उघडी होती. चाखणे म्हणाले, "सांग ना, माशाचं काय?" तेव्हा तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर आलं.

इस्पितळातले डॉक्टर तरुण होते. बोलण्यात कसूर नव्हती, फक्त अजून खोटं बोलायला शिकले नव्हते. "तासभर आधी आणलं असतं," एवढंच म्हणाले आणि थांबले.

हे चाखण्यांनी कोणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. वर आणखी एक गोष्ट केली. त्या आठवड्याचा लेख त्यांनी लिहिला, कारण लिहायची सवय होती आणि हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यात लिहिलं, मासा खाऊन टेबलावरून उठावंसं वाटतं. चार महिन्यांत ते हॉटेल बंद पडलं. मासा कसा होता, ते त्यांना आजपर्यंत माहीत नाही.

५

हिरव्या भिंतींपासून मोजलं तर सातव्या हॉटेलात ठोका समोरून आला.

लहानसं हॉटेल, जेमतेम आठ टेबलं, खिडकीत तुळशीएवढी झुडपं. चाखणे खाली बघून भाजलेले बटाटे कापत होते. टक्. आणि थांबून, टक्. हातभर अंतरावरून.

त्यांनी मान वर केली नाही. सुरी थांबली. समोरच्या टेबलक्लॉथची कड, समोरच्या ताटलीचा अर्धा गोल, पाण्याच्या ग्लासाचं बूड एवढं त्यांना खाली बघूनच दिसत होतं. ग्लासातलं पाणी हलत होतं. बाहेरून ट्रक गेला असेल. ट्रक गेल्याचा आवाज आला नव्हता.

"जमलंय?" ते पुटपुटले. टेबलावर न बोलायचा नियम त्यांनी दुसऱ्यांदा मोडला. उत्तर आलं नाही. नियम मोडणाऱ्याला ती कधीच उत्तर देत नसे.

ते तसेच खाली मान घालून जेवले. इतकं सावकाश ते आयुष्यात जेवले नसतील. डोळ्यांतून पाणी ताटलीत पडत होतं, आणि ते खारट आहे हेही त्यांना कळत नव्हतं. मग वेट्रेस आली आणि त्यांची ताटली उचलून समोरच्या ताटलीपाशी थबकली.

"ही नेऊ का? मॅडमनी एक घास ठेवलाय."

चाखण्यांनी वर पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ताटलीही रिकामी होती, पुसल्यासारखी. कडेला बटाट्याचा एक तुकडा होता आणि त्यावर चमच्याच्या पाठीचा दाबलेला गोल.

"मॅडम कुठे गेल्या?" त्यांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

वेट्रेसने खुर्चीकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, मग गोंधळून त्यांच्याकडे. "मी... दुसऱ्या टेबलाचं बोलले बहुतेक, सर. सॉरी."

तिने ताटली उचलायच्या आत चाखण्यांनी तो घास तोंडात टाकला. गार झाला होता. बाकी काही नाही. ते बराच वेळ तो चघळत राहिले.

६

लेक चार दिवसांसाठी आली ती तावातावाने. नोकरी दुसऱ्या शहरात, हाताखाली बारा माणसं, आणि बाबांनाही ती त्या बारांत धरायची.

"बाबा, तुम्ही केवढे वाळलात! हॉटेलात जेवणारा माणूस असा दिसतो?"

"वय झालं गं."

"वय नाही. संपादक बाईंचा फोन आला होता मला. तुम्ही टेबलावर एकटेच बोलता म्हणे. कोणीतरी पाहिलं." ती जवळ येऊन बसली. आवाज उतरला. "बाबा, मला पण आठवते आई. पण मी तिच्यासाठी खुर्ची नाही मांडून ठेवत."

चाखण्यांनी तिच्याकडे पाहिलं. लेकीच्या हनुवटीवर आईसारखाच खळगा होता. रडू आवरताना तो आणखी खोल व्हायचा.

त्या आठवड्याची यादी टेबलावर होती. संपादक बाई दर सोमवारी नव्या हॉटेलांची नावं पाठवत. या खेपेला नाव एकच होतं. चाखण्यांनी पत्ता वाचला आणि कागद पालथा घातला. जुन्या नाटकगृहासमोर. तीच जागा, नवा मालक.

"तिथे नको जायला," ते म्हणाले.

"का? मी येते बरोबर. दोघांचं टेबल आहेच ना तुमचं? चला, खुर्चीचं सार्थक होईल." लेक हसली. मग तिने बाबांचा चेहरा पाहिला. "मी चेष्टा केली, बाबा."

नाही म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. चाखण्यांनी फोन उचलला आणि टेबल सांगून ठेवलं. "किती जणांचं?" पलीकडून विचारलं. ते म्हणाले, "दोघांचं." पलीकडचा माणूस लिहिता लिहिता पुटपुटला, "तिघं... गुरुवार... साडेबारा." चाखण्यांनी दुरुस्त केलं नाही.

७

लाल गाद्या गेल्या होत्या. भिंती पांढऱ्या, खुर्च्या वेताच्या. दारवान मात्र तोच होता, उंच, पाठीत थोडा वाकलेला. त्याने चाखण्यांना ओळखलं की नाही कळलं नाही. दार धरून तो म्हणाला, "या, या."

टेबल तेच मिळालं. काचेच्या दर्शनी बाजूला लागून, घड्याळासमोर. भिंतीचा रंग बदलला तरी घड्याळाला कोणी हात लावला नव्हता. लेक समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"तिथे नको," चाखणे म्हणाले. "इकडे बाजूला ये."

"तिसरी खुर्ची वेटरने नेली, बाबा. बसा आता."

चाखणे बसले. सूप आलं. दोघांनी खाल्लं. काही वाजलं नाही. ब्रेड आला, भाज्या आल्या. लेक ऑफिसातल्या एका माणसाची गंमत सांगत होती. तो सगळ्यांचे वाढदिवस विसरायचा आणि स्वतःच्या दिवशी केक कुठेय म्हणून फिरायचा. चाखणे हसले. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. एकाएकी त्यांना वाटलं, हे बरं आहे. लेक समोर बसलेली आहे, जेवतेय, बोलतेय. झालं गेलं मनातून खोडून टाकावं आणि हिच्यासाठी चार वर्षं नीट जगावं. असं मनापासून वाटलं त्यांना.

तिसरा पदार्थ मासा होता.

लेकीने एक घास घेतला. "छान आहे हो," असं काहीसं म्हणाली. तिची गोष्ट पुढे चालूच होती, डोळे बाबांवर होते. तिचा उजवा हात चमचा घेऊन सावकाश ग्लासापाशी गेला आणि थांबला.

टक् टक् टक्.

घाईघाईने, एकापाठोपाठ एक. गोष्ट सांगताना तिचा आवाजही अडखळला नाही. घड्याळात सव्वा वाजला होता.

"ऊठ," चाखणे म्हणाले.

"काय?"

"तू वाजवलंस."

"मी? मी कुठे काय वाजवलं?" लेकीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चमचा अजून ग्लासाला टेकलेला होता. तिने तो झटकल्यासारखा खाली टाकला. "बाबा, मी... हा हात..."

"बोलू नकोस. ऊठ. आत्ता." चाखणे उभे राहिले होते. हाताला लागल्या तेवढ्या नोटा ताटलीखाली सरकवल्या आणि लेकीचा दंड धरून त्यांनी तिला ओढलं. खुर्ची करकरत मागे गेली. लोक बघू लागले. त्यांना पर्वा नव्हती. दार, दारवान, ऊन, फुटपाथ. ते बाहेर होते. सव्वा वाजून एक मिनिट झालं होतं आणि ते बाहेर होते.

८

"तुला काही होतंय का? छातीत? श्वास लागतोय?"

"मला काही नाही झालेलं, बाबा! तुम्हाला काय झालंय?"

मग चाखण्यांनी सांगितलं. भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून, सगळं. ताप, जीभ, चमचा. एक, दोन, तीन. दोनच राहिलेत गं, तेवढे होऊ दे. लेक ऐकत होती. शेवटी तिने तोंडावर हात धरला.

"म्हणजे आईला उठायचं होतं."

"हो."

"आणि तुम्ही तिला बसवून ठेवलंत."

"हो."

लेकीच्या हनुवटीचा खळगा खोल खोल होत गेला. चाखणे वाट बघत होते. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी.

"पण आज उठलात ना," ती म्हणाली. "झालं आता. घरी चला."

झालं, असं चाखण्यांनाही वाटलं. आणि सहज, घड्याळ बघावं म्हणून, त्यांनी काचेतून आत पाहिलं.

त्यांच्या टेबलापाशी वेट्रेस उभी होती. ती टेबल आवरत नव्हती. हात मागे बांधून, कमरेत थोडी वाकून उभी होती, हळू आवाजात बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकायला उभं राहतात तशी. तिने मान डोलावली. फुटपाथकडे बोट दाखवलं. लेकीची करकरत मागे गेलेली खुर्ची आता टेबलाशी सारलेली होती, कोणी बसल्यावर असते तेवढीच. उन्हाची तिरीप काचेवर होती. खुर्चीत काय होतं ते चाखण्यांना धड दिसलं नाही. ग्लासाशी उचललेला चमचा तेवढा दिसला. काचेपलीकडून आवाज येत नव्हता. त्यांनी मोजलं.

तीन.

मग त्यांना कळलं. उठायचं ते दोघांनी, असा नियम होता. या वेळी ते तिला सोडून उठले होते.

"इथेच थांब," ते लेकीला म्हणाले.

"बाबा, नका जाऊ आत. बाबा!"

दारवानाने दार उघडलं. टेबलापर्यंतची बारा पावलं चाखणे खाली मान घालून गेले. वेट्रेस बाजूला झाली. "मी सांगितलं त्यांना, साहेब बाहेरच आहेत, येतील म्हणून," ती हसून म्हणाली आणि निघून गेली. चाखण्यांना टेबलाची कड दिसत होती. माशाची ताटली रिकामी होती. कडेला एक घास होता. मान वर करायची त्यांची छाती नव्हती, आणि करायची गरजही नव्हती.

"चल," ते म्हणाले. "राहू दे उरलेलं. चल."

त्यांनी डावं कोपर पुढे केलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वेताची खुर्ची हळूच करकरली आणि कोपरावर वजन आलं.

फार नव्हतं. आजारातून उठलेल्या माणसाचं असतं तेवढं. गार होतं. चाखणे तिच्या चालीने निघाले, सावकाश, दोन टेबलांमधल्या अरुंद जागेतून थोडे तिरके होत. दारवानाने दार धरलं आणि चाखणे बाहेर पडल्यावरही क्षणभर धरूनच ठेवलं. फुटपाथवर लेक धावत पुढे आली. जवळ आल्यावर मात्र का कोण जाणे, ती बाबांच्या डाव्या बाजूला न येता वळसा घालून उजवीकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

टॅक्सी थांबते त्या जागेपर्यंत तिघं चालत गेले. तिथे वजन हळूहळू कमी झालं, हात सैल व्हावा तसं. आणि मग कोपर नुसतं कोपर राहिलं. चाखण्यांनी ते तसंच पुढे धरून ठेवलं होतं.

"फार उशीर झाला का गं?" त्यांनी विचारलं.

लेकीला वाटलं, आपल्यालाच विचारलं. तिने घड्याळ पाहिलं आणि डोळे पुसले.

"नाही हो, बाबा," ती म्हणाली. "आत्ताशी दीड वाजतोय."